वारशाने आलेली फियाट : बिघाड शोधायचा तर इतिहास वाचावा लागतो

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत मोटार दुरुस्ती कुठून आली? प्रश्न रास्त आहे. बखरी, ताम्रपट, किल्ले हे आपल्या ओळखीचे विषय. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांच्या अंगणात, सोसायटीच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली एक वस्तू उभी असते. वडिलांची, काकांची किंवा आजोबांची फियाट. ती वारशाने आपल्याकडे येते आणि बहुतेक वेळा बंद पडलेलीच येते. मग घरात पहिला प्रश्न निघतो, की हिला झालंय तरी काय? आणि दुसरा, जरा दबक्या आवाजात, की ठेवायची का भंगारात द्यायची?

आज आपण पहिल्या प्रश्नाकडून दुसऱ्याकडे जाऊ. आमचं म्हणणं थोडक्यात असं आहे. जुन्या गाडीतला बिघाड पुष्कळदा निव्वळ झिजेमुळे आलेला नसतो. कुणीतरी, कधीतरी, हाताशी जे होतं त्यातून एक उपाय केलेला असतो आणि त्या उपायाची उरलेली बाजू आज आपल्यासमोर बिघाड म्हणून उभी राहते. त्या वेळी हाताशी काय होतं, हे कळायला इतिहास लागतो.

तर आधी गाडीचा इतिहास. ज्या गाडीला आपण 'पद्मिनी' म्हणतो तिच्या इंजिनाचं मूळ १९३७ सालातलं आहे. इटलीत तूरिनला फियाट कंपनीने त्या वर्षी एक मोटार काढली. चार सिलिंडर, सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर आणि एकूण क्षमता १०८९ सीसी. पुढे १९५३ साली त्याच मापाचं इंजिन नव्या बांधणीच्या '११००' गाडीत आलं. ही गाडी आपल्याकडे आली तेव्हा तिच्या गोलमटोल अंगामुळे लोकांनी तिचं नाव ठेवलं 'डुक्कर फियाट'. नाव ऐकून हसू येतं, पण ते प्रेमाने ठेवलेलं होतं. ज्यांच्या घरी डुक्कर फियाट होती ते आजही छाती फुगवून सांगतात.

इकडे मुंबईत वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. वालचंद मूळचे सोलापूरचे. आगबोटी, विमानं, मोटारी, हे सगळं आपल्या देशात झालं पाहिजे हा त्यांचा ध्यास होता. कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी होत असे. मग फियाटशी करार झाला आणि १९५४च्या सुमारास ११०० गाडी कुर्ल्यात तयार होऊ लागली.

इथे एक निर्णय लक्षात ठेवायला हवा. १९५३ साली टॅरिफ कमिशनने शिफारस केली, की ज्या कंपन्या फक्त बाहेरून सुटे भाग आणून जुळणी करतात आणि ज्यांच्याकडे इथेच उत्पादन करण्याचा कार्यक्रम नाही, त्यांनी काम आटोपतं घ्यावं. सरकारने ते मान्य केलं. जनरल मोटर्सचा मुंबईतला जुळणीचा कारखाना १९२८पासून चालू होता. त्यांनी आणि फोर्डनेही १९५४च्या सुमारास गाशा गुंडाळला. बाजारात मोजक्याच कंपन्या उरल्या. त्यात परकीय चलनाची टंचाई आली, १९५७-५८ साली तर ती फारच तीव्र झाली. बाहेरून सुटा भाग मागवणं दुरापास्त झालं. गाडीसाठी नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची, हा मध्यमवर्गाच्या जगण्याचा भाग झाला.

इटलीत ११०० ही मालिका साठचं दशक संपता संपता बंद झाली. कुर्ल्यात मात्र ती चालूच राहिली. फियाटशी असलेला करार संपल्यावर १९७२ साली गाडीचं नाव 'प्रीमियर प्रेसिडेंट' झालं आणि १९७४ साली 'प्रीमियर पद्मिनी'. लोक अर्थात फियाटच म्हणत राहिले. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुतीची किल्ली दिल्लीत एका ग्राहकाच्या हातात पडली आणि पद्मिनीचा उतार सुरू झाला. तरीही शतक संपेपर्यंत ती रस्त्यावर येत राहिली. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत झाली. टॅक्सीसाठी २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून ती पर्वही संपलं.

आता हा सगळा कालपट दुरुस्तीच्या नजरेने वाचू या. त्यात तीन काळ दिसतात.

पहिला काळ टंचाईचा. गाडी मिळणंच अवघड, म्हणून मिळालेली गाडी टाकायची नाही. इथे आपल्याकडचा मिस्त्री घडला. भाग बदलण्यापेक्षा तो भाग पुन्हा उभा करण्यात त्याचा हातखंडा. सिलिंडर झिजला की बोअर करायचा, बुश नाही मिळाला तर लेथवर पितळेचा कातून घ्यायचा, डायनमोचं आर्मेचर गुंडाळून घ्यायचं. दुसरा काळ टॅक्सीचा. मुंबईत रस्तोरस्ती पद्मिनी धावत होत्या, त्यामुळे सुटे भाग मुबलक. ऑपेरा हाउसच्या गल्ल्या, कुर्ल्याचा भंगार बाजार, पुण्यात जुना बाजार, कुठे ना कुठे हवी ती वस्तू हाती लागायची. तिसरा काळ ओसरत्या पाण्याचा. उत्पादन थांबलं, टॅक्सी एकेक करून मोडीत निघाल्या आणि त्यांच्या जिवावर चालणारी दुकानं दुसऱ्या मालाकडे वळली. या काळात मिस्त्रीच्या हातात येतो तो 'साधारण बसेल असा' भाग. तो बसतो, गाडी चालू होते, गिऱ्हाईक घरी जातं. पण बसणं वेगळं आणि जुळणं वेगळं.

याचं एक उदाहरण तपशिलात पाहू. आमच्याकडे मोठ्या काकांची १९७८ सालची पद्मिनी आली. तक्रार एकच होती. सकाळी गाडी उत्तम चालायची. उन्हाळ्यात दुपारी, घाट चढताना, पाऊण तासाने इंजिन अडखळायचं आणि बंद पडायचं. वीसेक मिनिटं थांबलं की पुन्हा सेल्फ मारल्यावर चालू. खंबाटकीत हे इतक्यांदा झालेलं, की घरातल्या प्रत्येकाकडे त्याचं निदान तयार होतं. 'पेट्रोल पंप गरम होतो, ओलं फडकं टाका.'

ओल्या फडक्याची गोष्ट खोटी नाही बरं का. या गाडीचा पेट्रोल पंप यांत्रिक, पडद्याचा, आणि तो थेट इंजिनाच्या अंगावर बसवलेला असतो. टाकी मागे. पंप पेट्रोल ओढतो तेव्हा नळीतला दाब कमी होतो आणि कमी दाबाला, त्यात उष्णता असली तर, पेट्रोलची वाफ लवकर होते. पडदा वाफेवर नुसता वरखाली होत राहतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. पंपावर ओलं फडकं टाकलं की वाफ पुन्हा द्रव होते. एका पिढीने हे अनुभवाने शिकलेलं आहे.

पण आता नीट विचार करा. फडकं टाकून आपण वीस मिनिटं थांबतो. त्या वीस मिनिटांत फक्त पंपच थंड होतो का? बॉनेटखालचं सगळंच थंड होतं. इग्निशन कॉइल थंड होते, डेल्कोतला कंडेन्सर थंड होतो. म्हणजे गाडी पुन्हा चालू झाली हा पुरावा पंपाच्या बाजूने जितका आहे, तितकाच कॉइलच्या बाजूनेही आहे. एकच पुरावा दोन कहाण्यांना सारखाच लागू पडत असेल, तर त्यावरून कुठलीच कहाणी सिद्ध होत नाही. इतिहासाचा विद्यार्थी हे पहिल्या वर्षी शिकतो. दोन्ही कहाण्यांना वेगळं पाडणारा पुरावा शोधावा लागतो.

तो कसा शोधायचा, हे आम्हाला एका वयस्कर मिस्त्रींनी सांगितलं. म्हणाले, "दादा, आधी ठिणगी बघा, मग पंपाला शिव्या द्या." पेट्रोल इंजिनाला तीनच गोष्टी लागतात, पेट्रोल, ठिणगी आणि कॉम्प्रेशन, आणि तिन्ही वेळेवर. गाडी बंद पडली त्याच क्षणी, काहीही थंड व्हायच्या आत, एक सुटा प्लग वायरीला लावायचा, त्याचं धातूचं अंग इंजिनाला टेकवायचं आणि सेल्फ मारायचा. निळी, कडक ठिणगी पडली तर संशय पेट्रोलवर. पिवळी, मरतुकडी किंवा पडलीच नाही, तर संशय विजेवर. आणि ठिणगी आधी बघायची, कारण गरम इंजिनापाशी पेट्रोलची नळी उघडून बसणं हा जिवाशी खेळ आहे.

पुढच्या वेळी घाटात हे केलं. ठिणगी जवळजवळ नव्हतीच. कॉइलला हात लावता येत नव्हता इतकी ती तापलेली. घरी आल्यावर ती थंड करून मीटर लावला. बारा व्होल्टच्या अशा गाडीतल्या साध्या कॉइलच्या आतल्या मुख्य वेटोळ्याचा रोध साधारण तीन ओहम असतो. इथे भरला दीड. कॉइलवरची धूळ पुसली तर इंग्रजीत चक्क छापलेलं होतं, की ही बाहेरच्या रेझिस्टरबरोबर वापरावी. गाडीत रेझिस्टर नव्हता. हिशोब सोपा आहे. बारा भागिले तीन म्हणजे चार अँपिअर, बारा भागिले दीड म्हणजे आठ. पॉइंट बंद असताना दुप्पट वीज वाहायची. कॉइल तापायची, पॉइंट जळायचे, आणि उन्हात, घाटात, हळू वेगात वाऱ्याचीही मदत नसताना ठिणगी मरायची.

बिघाड सापडला. पण ती कॉइल तिथे आली कशी? इथे काकांची वही कामाला आली. काका प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवत, तारीख, किलोमीटर आणि रक्कम. त्या वहीत २००६पर्यंत डेल्कोचे पॉइंट साधारण वर्षातून एकदा बदललेले दिसतात. २००६च्या पावसाळ्यात कऱ्हाडजवळ रात्री गाडी बंद पडल्याची आणि रस्त्यावरच्या एका गॅरेजात कॉइल बदलल्याची नोंद आहे. त्यानंतर पॉइंट दर तीन-चार महिन्यांनी बदलले जातात. पंप दोनदा नवा बसवलेला आहे. सगळं वहीत समोर होतं, पण ओळीने कुणी वाचलं नव्हतं. आणि पंपाचं निदान एकाकडून दुसऱ्याकडे, एका गॅरेजातून दुसऱ्या गॅरेजात, न तपासता जात राहिलं. आपल्या इतिहासातही अशा कितीतरी गोष्टी एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात गेलेल्या आहेत.

त्या रात्रीच्या मिस्त्रीला दोष द्यायचा का? अजिबात नाही. २००६ साली मुंबईत टॅक्सी होत्या, म्हणून मुंबईत फियाटची कॉइल होती. हमरस्त्यावरच्या गॅरेजात ती असण्याचं कारणच उरलं नव्हतं. त्याच्याकडे दुसऱ्या गाडीची होती, ती त्याने बसवली आणि भर पावसात काकांना घरी पोचवलं. त्याचा उपाय त्या रात्रीपुरता बरोबर होता. तो सतरा-अठरा वर्षं तसाच राहिला, कारण गाडी चालू होती. योग्य कॉइल, नवा कंडेन्सर, नवे पॉइंट आणि त्यांच्यात फिलर गेजने मोजून ठेवलेलं अंतर, एवढ्यावर काम झालं. त्यानंतर गाडी भर दुपारी खंबाटकी चढून गेली.

याच रीतीने गाडीचे बाकीचे थरही वाचता येतात. पेट्रोलचंच घ्या. १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. माणसांच्या, विशेषतः मुलांच्या आरोग्यासाठी ते अत्यंत आवश्यक होतं. पण जुन्या इंजिनांत शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला संरक्षण देत असे. बैठक मऊ धातूची असेल तर ती हळूहळू खोल जाते, टॅपेटचं अंतर पुन्हा पुन्हा कमी होतं, आणि मिस्त्री म्हणतो, 'टॅपेट टिकत नाहीत.' टॅपेटची चूक नसते, बैठक खाली गेलेली असते. मग आलं इथेनॉल. २०२२च्या मध्याला देशात सरासरी १० टक्के मिश्रण झालं आणि २०२३पासून २० टक्के मिश्रणाचं पेट्रोल पंपांवर मिळू लागलं. जुन्या काळच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा या मिश्रणासाठी केलेलेच नव्हते. नळी फुगते, मऊ पडते किंवा तडकते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरतो. गाडी तीच आहे, तिचं अन्न मात्र दोनदा बदललं आहे.

म्हणून वारशाने आलेली गाडी हातात आली की घाईने सेल्फ मारू नये. आधी वाचन करावं. आरसी बुकावरचा इंजिन आणि चासीचा नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून बघा. इंजिनाचा नंबर जुळत नसेल तर मधे कधीतरी इंजिन बदललेलं आहे. कप्प्यातली बिलं, जुन्या पावत्या टाकू नका, तारखेने लावा. गालिचा उचलून मूळ रंग कोणता ते बघा. एखादी वायर बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाची आणि वर टेप गुंडाळलेली दिसली, तर तिथे कुणीतरी काहीतरी सोडवलेलं आहे. कापायच्या आधी काय सोडवलं ते शोधा. आणि कामाची सुरुवात ब्रेकपासून करा. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, वर्षानुवर्षं उभ्या गाडीत त्यांचे सिलिंडर अडकतात. न चालणारी गाडी त्रास देते, न थांबणारी जीव घेते. मग टायर, मग टाकी आणि नळ्या, आणि सगळ्यात शेवटी इंजिन.

कागदांचंही तसंच. मालक वारले तर आरटीओला ३० दिवसांत कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर नोंदणीसाठी अर्ज करायचा असतो. दुःखाच्या दिवसांत हे राहून जातं. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. एप्रिल २०२२पासून त्याचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं. एक नूतनीकरण चुकलं की गाडी नुसती ताडपत्रीखाली जाते, आणि तिथून बहुतेक वेळा भंगारात.

आता दुसरा प्रश्न, ठेवायची का द्यायची. २०२१ साली केंद्राने विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, सांगाडा किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली, तर तिची वेगळी नोंदणी होते. पण ती मग रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली अशा प्रसंगीच. आमच्या गाडीला २०२८ साली ५० वर्षं होतील. तेव्हा आमच्यापुढेही हा पेच असेल. कायद्याला मूळ स्वरूप हवं आहे. गाडी मात्र जगली ती दुरुस्त्यांवर. लेथवर कातलेला बुश, गुंडाळलेलं आर्मेचर, रात्रीच्या पावसात बसवलेली परकी कॉइल, हे काढून टाकलं तर गाडी कदाचित जास्त 'मूळ' होईल, पण तिच्यातला आपला इतिहास निघून जाईल. उरेल तो तूरिनचा इतिहास.

आमचं मत असं आहे, की प्रत्येक गाडी वाचणार नाही आणि वाचायलाही नको. गंजलेली, असुरक्षित, धूर ओकणारी गाडी नियमाप्रमाणे मोडीत काढणंच योग्य. पण देण्याआधी एक काम करता येईल. तिची वही नकलून ठेवा, बिलांचे फोटो काढा, आणि ज्या मिस्त्रींनी ती सांभाळली ते हयात असतील तर त्यांच्यापाशी तासभर बसून विचारा, की हे का केलंत, तेव्हा काय मिळत होतं, काय मिळत नव्हतं. कारखान्याचा इतिहास कागदपत्रांत कुठेतरी राहील. रस्त्यावरच्या गॅरेजाचा इतिहास फक्त या माणसांच्या डोक्यात आहे, आणि त्यातले बरेच आता सत्तरीच्या पुढे आहेत. जुनी कॉइल आम्ही टाकून दिलेली नाही. तिला एक चिठ्ठी बांधली आहे, 'कऱ्हाडजवळ, २००६', आणि वहीबरोबर ठेवली आहे.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ, आणि कुणाकडे डुक्कर फियाट असेल तर त्यांनी आधी बोलावं.